कूलर, टाइल्स आणि मधला स्पीकर

दसऱ्याच्या तोंडावर कोल इंडियाचा बोनस जाहीर होतो आणि घुग्घुस, माजरी, बल्लारपूर, दुर्गापूरच्या वसाहतींत खरेदीच्या याद्या निघू लागतात. बिगर-अधिकारी कामगारासाठी ही रक्कम २०२३ मध्ये ८५,००० रुपये होती, २०२४ मध्ये ९३,७५० रुपये. यादीत मोठा टीव्ही असतोच, आणि त्याच्या खालोखाल "आवाजाचंही काहीतरी करू" हे वाक्य असते. टीव्ही जितका पातळ, तितका त्याच्या पाठीमागच्या स्पीकरचा जीव लहान, त्यामुळे वाक्य चुकीचे नाही. घरात जुना संच पडून असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो. आधी काय बदलायचे? पुढचे स्पीकर, रिसीव्हर, सबवूफर, की दुकानदार म्हणतो तसे सगळेच विकून छतावर आवाज उडवणारा ॲटमॉस साउंडबार घ्यायचा?

या प्रश्नावर जगात दोन जुने पक्ष आहेत. पहिला म्हणतो, उगमापासून सुरुवात करा. स्कॉटलंडच्या लिन कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सोंडेक एलपी१२ हे टर्नटेबल बाजारात आणले आणि तिचे संस्थापक आयव्हर टायफेनब्रन हेच सांगत राहिले, की रेकॉर्डवरून जे उचललेच गेले नाही ते पुढचा कितीही भारी ॲम्प्लिफायर परत आणू शकत नाही. सुई, मोटर, दांडा सगळे यांत्रिक होते त्या काळात हे बरोबरही होते. दुसरा पक्ष कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधून आला. तिथे फ्लॉइड टूल यांनी श्रोत्यांना पडद्याआडचे स्पीकर ऐकवले. कोणता स्पीकर कुठल्या कंपनीचा आणि किती महाग, हे श्रोत्याला ठाऊक नसे. स्पीकर आणि खोली मिळून जो फरक पाडतात त्यापुढे बाकीच्या इलेक्ट्रॉनिक्सचा फरक किरकोळ, हा या सगळ्या कामाचा सूर आहे. पुढे शॉन ऑलिव्ह यांनी २००४ मध्ये श्रोत्यांच्या पसंतीचे जे गणित मांडले, त्यात एकट्या खालच्या सुरांचा, म्हणजे बेसचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास निघाला.

आज सिनेमा डिजिटल येतो. तीच फाइल टीव्हीतल्या ॲपने वाजवा की महागड्या प्लेअरने, दोघांकडून तेच आकडे बाहेर पडतात. म्हणून माझा कौल दुसऱ्या पक्षाला. पण हा वाद ज्या खोल्यांत रंगला त्या थंड देशातल्या, गालिचे अंथरलेल्या, खिडक्या घट्ट लावलेल्या खोल्या होत्या. चंद्रपुरात मे महिन्यात पारा सत्तेचाळीसच्या वर जातो आणि हॉलच्या खिडकीत कूलर घरघरत असतो. इथल्या यादीत पहिले नाव त्याचेच घालावे लागते.

लोखंडी टाकीचा मोठा कूलर पूर्ण वेगात असला की खोलीतला त्याचा आवाज आपल्या नेहमीच्या बोलण्याच्या पातळीला भिडतो, म्हणजे साठ डेसिबलच्या आसपास. हा आवाज एका सुराचा नसतो. तो जाड पांघरुणासारखा सगळ्या सुरांवर पसरतो. संवादातली ताकद स्वरांमध्ये असते आणि अर्थ व्यंजनांमध्ये. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ ही मंडळी मुळातच दुबळी, त्यांचा बळी आधी जातो. कान ताणावा लागू नये असे वाटत असेल तर बोलणे आजूबाजूच्या गलक्यापेक्षा पंधरा डेसिबलने तरी वर हवे. म्हणजे कूलरसमोर संवाद पंचाहत्तरवर न्यायचा, आणि मग गाणे किंवा मारामारी आली की अख्खी गल्ली ऐकते. घरातले रिमोटवर सतत बोट ठेवून बसतात ते यामुळे. दोष स्पीकरचा नसतो.

उपाय आधी फुकटातले. कूलर टीव्हीच्या भिंतीत असेल तर पुढच्या हंगामात तो बसणाऱ्यांच्या पाठीमागच्या किंवा शेजारच्या खोलीच्या खिडकीत बसवा. पंख्याचे पाते वाकलेले असेल तर सरळ करून घ्या, पंपाखाली रबराचा तुकडा ठेवा, सिनेमापुरता वेग एक पायरी खाली आणा. स्पीकर कूलरच्या झोतात तर मुळीच नको. दमट वारा कागदी कोनला सैल करतो आणि तारांच्या टोकांवर हिरवट थर चढवतो. आणि घरात एसी घ्यायचे चाललेच असेल, तर तो आधी घ्या, रिसीव्हर नंतर. मंद वेगातला स्प्लिट एसी कूलरपेक्षा वीसेक डेसिबलने शांत असतो, शिवाय खिडक्या बंद होतात आणि धूळही कमी येते. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरला अतिप्रदूषित क्षेत्रांच्या यादीत बसवले. इथल्या हवेतली राख आणि कोळशाची भुकटी ॲम्प्लिफायरच्या आतही बसते. होम थिएटरच्या कुठल्याही यादीत एसीचे नाव सापडणार नाही, पण या जिल्ह्यात पैशाच्या मानाने आवाज सर्वांत जास्त सुधारतो तो त्यानेच.

दुसरा अडथळा पायाखाली आहे. नव्या घरांत गुळगुळीत टाइल्स, चारी बाजूंना प्लास्टर, वर स्लॅब, समोर काचेचे शोकेस. असा बारा बाय पंधरा फुटांचा, दहा फूट उंच हॉल घ्या. अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणून, रचून, काढून जे सूत्र बसवले, त्याने हिशेब केला तर अशा रिकाम्या हॉलमध्ये एक टाळी जवळजवळ दोन सेकंद घुमत राहते. एक शब्द संपायच्या आत पुढचे चार त्यावर येऊन पडतात. त्याच हॉलमध्ये जाड पडदा, जमिनीवर सतरंजी, कापसाच्या गादीचा दिवाण, एका भिंतीला पुस्तकांचे कपाट आणि तीन-चार माणसे आली की हे घुमणे अर्ध्या सेकंदाच्या आसपास येते. कुठलाही रिसीव्हर हे करू शकत नाही. वरोरा-राजुऱ्याकडे कापूस पिकतो आणि चिचपल्लीला बांबूचे प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूची चौकट करून त्यात दोन-तीन इंच कापूस दाबून भरायचा, वर साधे कापड ताणायचे आणि स्पीकरच्या शेजारच्या भिंतीवर, जिथे आवाज पहिल्यांदा आपटतो तिथे टांगायचे. त्यासाठी नागपूरच्या सीताबर्डीला जाऊन फोम आणायची गरज नाही. बाजारातला पातळ अंडीट्रे फोम तर फक्त वरचे सूर खातो आणि आवाज मंद करून ठेवतो.

गंमत अशी की गडचिरोलीतल्या जुन्या मातीच्या घराला हा त्रास फारसा नसतो. शेणाने सारवलेल्या ओबडधोबड भिंती, उतरते कवेलू, जागोजागी फटी. तिथे आवाज घुमत नाही, पण खालचे सूर फटींतून बाहेर निघून जातात. अशा घरात आधी सबवूफर लागतो. स्लॅबच्या घरात तो घाईचा नाही. एकाच भागातल्या दोन घरांना एकच क्रम सांगता येत नाही तो यामुळे.

खोली जागेवर आली की मग स्पीकरकडे वळायचे. त्याआधी वडशाला जाऊन येऊ. गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज म्हणजे वडसा हे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचे ठाणे. नाटक कंपन्यांची कार्यालये तिथे, दिवाळीनंतरच्या मंडया (जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने बुकिंग तिथूनच. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते, गाणी जागच्या जागी म्हटली जातात, हार्मोनियम-तबला समोरच असतो. या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. धानाच्या बांधीत उभारलेल्या मंडपात शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला संवाद कळला नाही तर पुढच्या वर्षी त्या गावाचे बुकिंग मिळत नाही. म्हणून ध्वनीवाला बेसच्या मागे लागत नाही, आधी नटाचा शब्द मोकळा करतो, मग तबल्याला जागा देतो. या भागातल्या माणसाचा कान असा घडलेला आहे, आणि घरच्या संचालाही तोच निकष लावावा असे माझे मत आहे.

घरात त्या नटाची जागा मधल्या स्पीकरची. ५.१ च्या, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरच्या, मिश्रणात बहुतेक संवाद एकट्या मधल्या वाहिनीवर असतात. एकटा माणूस बरोबर मध्ये बसून पाहणार असेल तर मधल्या स्पीकरशिवायही चालते. रिसीव्हरला ‘मधला नाही’ असे सांगितले की तो तेच संवाद डाव्या-उजव्यांत वाटतो आणि ते मधूनच आल्यासारखे भासतात. पण आपल्याकडे एकटा कोण पाहतो? दिवाणावर आजी, खाली सतरंजीवर पोरे, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहणारी आई. बाजूला बसलेल्याला बोलणे जवळच्या स्पीकरातून येताना ऐकू येते आणि पडद्यावरचे तोंड भलतीकडे हलते. कुटुंब मोठे तितका मधला स्पीकर मोलाचा. तो शक्यतो डाव्या-उजव्याच्याच मालिकेतला घ्यावा, नाहीतर माणूस पडद्यावर चालता चालता त्याचा गळा बदलतो. आणि असलेला स्पीकर सागवानी टीव्ही युनिटच्या खणात आत ढकलून ठेवला असेल, तर तो कडेपर्यंत पुढे ओढा आणि खाली पाचर लावून तोंड कानाकडे करा. नवा घेण्याआधी हे एवढे करून पाहा. अनेकांचा खर्च इथेच वाचतो.

खोक्यात मिळणाऱ्या तयार संचांचा मोठा दोष याच ठिकाणी आहे. त्यातले मुठीएवढे स्पीकर दीडशे हर्ट्झच्या खाली फारसे उतरत नाहीत. पुरुषी आवाजाचा पाया शंभर हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणून नायकाचा निम्मा गळा कोपऱ्यातल्या सबवूफरमधून येतो आणि बोलणे पोकळ, नाकात अडकल्यासारखे लागते. पाच-साडेपाच इंची वूफरचे, ऐंशी हर्ट्झपर्यंत नीट उतरणारे तीन पुढचे स्पीकर आले की हा दोष एका दमात जातो. असा संच ज्यांच्याकडे आहे त्यांनी आधी पुढचे तीन बदलावेत. त्यासाठी वेगळा रिसीव्हर घ्यावाच लागतो, कारण खोक्यातल्या मशीनला दुसरे स्पीकर सहसा मानवत नाहीत. पैसे तेवढे नसतील तर दोन चांगले स्पीकर आणि साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर हा पाच वाईट स्पीकरांपेक्षा चांगला सौदा आहे. आकाशवाणीवर नाट्यसंगीत ऐकणाऱ्या घरात तर तोच.

वॅटबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. दुकानातल्या खोक्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारोंचे आकडे छापलेले असतात. ते सोडून द्या, ‘आरएमएस’ काय ते विचारा. साधारण स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर सत्त्याऐंशी डेसिबल देतो. तीन मीटरवर बसून पासष्ट-सत्तर डेसिबलने बातम्या ऐकायला एका वॅटचा छोटा हिस्सा पुरतो. आवाज कानाला दुप्पट वाटायला दहापट शक्ती लागते, म्हणून पन्नास वॅटच्या जागी शंभर घेतल्याने मिळतात फक्त तीन डेसिबल. आवाज फाटत असेल तर कारण बहुधा स्पीकरचा कुजलेला फोम असतो. कोनभोवतीचा फोमचा गोल उन्हाने आणि दमटपणाने काही वर्षांत भुगा होतो, रबराचा टिकतो. जुन्या चांगल्या स्पीकरचा फोम बदलून देणारे कारागीर अजून आहेत, आणि तो खर्च नव्या स्पीकरच्या मानाने किरकोळ.

सबवूफरचा मान तिसरा. बारा फुटांच्या भिंतींत आवाजाची पहिली उभी लाट सत्तेचाळीस हर्ट्झला बसते, पंधरा फुटांत साडेसदतीसला. खोलीत काही ठिकाणी त्यामुळे बेस दुप्पट होतो, काही ठिकाणी गायब. म्हणून मोठा सबवूफर घेण्याआधी असलेल्याची जागा शोधा. तो तुमच्या बसायच्या जागी ठेवा, एखादे तबल्याचे किंवा बेस गिटारचे गाणे लावा आणि भिंतीच्या कडेने कान खाली ठेवून रांगत फिरा. जिथे प्रत्येक ठोका सारखा वाजतो, तिथे सबवूफर न्या. घरातले हसतील. हसू द्या. क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांनी मात्र शेजाऱ्याची भिंत सोडून जागा निवडावी, कारण खालचे सूर विटेच्या भिंतीला जुमानत नाहीत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा आहे. दुर्गापूर-पद्मापूरच्या उघड्या खाणीत दुपारी सुरुंग उडाला की खिडकीची काच थरथरते. त्या वसाहतीतल्या माणसाला रात्री पुन्हा सिनेमातला स्फोट छातीत बसलाच पाहिजे का, हे त्याने ठरवावे.

रिसीव्हर जुना झाला म्हणून लाजायचे कारण नाही. टीव्हीकडून आवाज उलटा पाठवणारी एआरसी ही सोय २००९ मध्ये एचडीएमआयच्या १.४ आवृत्तीत आली, ईएआरसी २०१७ च्या २.१ आवृत्तीत. ॲपवरचे ५.१ आणि ॲटमॉस दोन्ही साध्या एआरसीवरून येतात. ईएआरसी खरे लागते ते ब्लू-रेच्या लॉसलेस आवाजासाठी, आणि ब्लू-रे आपल्याकडे घेतो कोण? एचडीएमआय नसलेल्या मशीनला ऑप्टिकल तारेवरूनही डॉल्बी डिजिटल ५.१ मिळते. नवा रिसीव्हर घेण्याचे खरे कारण एकच, माइक लावून खोली मोजण्याची आणि आवाज त्याप्रमाणे जुळवण्याची सोय. ती उपयोगी आहे, पण टाइल्सचे घुमणे ती काढत नाही.

आणि हे आधी तपासा: ५.१ तुमच्यापर्यंत येते का? टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर राहिला असेल तर कितीही स्पीकर असोत, दोनच वाहिन्या बाहेर पडतात. तो ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’वर न्या. फ्री डिशचे बहुतेक कार्यक्रम स्टिरिओच असतात. भामरागड-एटापल्लीकडे नेट मंदावले की ॲप दर्जा खाली उतरवते. जिथे पेन ड्राइव्हवरचा सिनेमा आणि फ्री डिश हाच रोजचा माल आहे, तिथे मागच्या स्पीकरांवर केलेला खर्च वाया.

विजेचा विषय आमच्याकडे शेवटच्या पानावर ढकलता येत नाही. उन्हाळी संध्याकाळी कूलर-पंप एकदम सुरू झाले की गावातला दाब पडतो. आजची बहुतेक हलकी यंत्रे शंभर ते दोनशेचाळीस व्होल्टवर निभावून नेतात, जड ट्रान्सफॉर्मरचा जुना ॲम्प्लिफायर नेत नाही. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लाट देतो आणि तिच्यावर हा ॲम्प्लिफायर गुरगुरतो, साइन वेव्हचा घ्यावा. सर्ज प्रोटेक्टरला खरे अर्थिंग नसेल तर तो शोभेचा. पावसाळ्यातल्या कडकडाटात विजेच्या प्लगबरोबर डिशची तारही काढा, वीज त्या वाटेनेही येते. आणि उष्णता. कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मे होते, असा या धंद्यातला ढोबळ नियम आहे. चाळीस अंशांच्या खोलीत, बंद काचेच्या शोकेसमध्ये, वर क्रोशाचा रुमाल टाकून ठेवलेला रिसीव्हर फार वर्षे जगत नाही. त्याला चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा आणि मागे एखादा छोटा पंखा द्या. महिन्यातून एकदा ब्लोअरने धूळ उडवा.

मागचे स्पीकर आणि छतावरचा ॲटमॉस यांचा क्रमांक सर्वांत शेवटी. मागचे स्पीकर मुख्यतः वातावरण देतात, जंगलाच्या प्रसंगात रातकिडे, शहरात गर्दी. ते कानांच्या थोडे मागे, मध्यापासून शंभर ते एकशेवीस अंशांवर असावेत. सोफा भिंतीला चिकटलेला असेल तर तशी जागाच उरत नाही. वर आवाज उडवणारे स्पीकर छताकडून आवाज परतवतात, त्यासाठी छत सपाट, कठीण आणि साडेसात ते बारा फुटांच्या दरम्यान हवे. उतरत्या कवेलूखाली किंवा पावसात वाजणाऱ्या टिनाच्या पत्र्याखाली ते पैसे थेट आकाशात जातात. महागड्या तारांबद्दल एवढेच, की जाड तांब्याची साधी तार पुरते.

या क्रमामागे आणखी एक व्यवहार आहे. चांगला स्पीकर वीस-पंचवीस वर्षे टिकतो, मधेच फोम बदलला तर जास्तही. रिसीव्हरचे पोर्ट आणि फॉरमॅट काही वर्षांत मागे पडतात. म्हणून आवाजासाठी बाजूला काढलेल्या पैशांतला निम्मा वाटा पुढच्या स्पीकरांना, उरलेल्यात साधा रिसीव्हर आणि जमला तर सबवूफर, मागचे दोन पुढच्या दिवाळीला, असा हिशेब मला पटतो. दुकानात जाताना घरी पाहिलेला, संवाद पाठ नसलेला एखादा मराठी सिनेमा पेन ड्राइव्हवर घेऊन जा. दुकानदाराला स्फोटाचे दृश्य बंद करायला सांगा, पंखा पूर्ण वेगात ठेवायला सांगा, आणि बाजूच्या खुर्चीवर बसून ऐका. ज्या स्पीकरवर तिथे शब्द कळला नाही तो घेऊ नका, मग त्यावर कितीही मोठी सूट असो.